त्या वेचणीतला धर्मादाय

गेल्या आठवड्यापासून आमच्या घरासमोरच्या बाभळींना कापूस लागायला सुरुवात झाली आहे. दरवर्षी लागतो. वडनेरकडून नांदुऱ्याला येणारे ट्रॅक्टर उजाडता उजाडता सुरू होतात. ट्रॉलीतला कापूस कडेने फुगून बाहेर आलेला असतो, आणि वळणावरच्या फांद्या जाता जाता त्यातला थोडा थोडा ओढून घेतात. काही दिवसांत झाडं पार पांढरी दिसू लागतात. मी पायरीवर ऊन खात बसते. सून म्हणते, "आत्याबाई, धूळ उडून राह्यली, आत बसा." मी बसत नाही. त्या धुळीत सरकीचा एक तेलकट, उबदार वास असतो, आणि तो नाकात गेला की मी बसल्या जागेवरून उठते आणि एका जुन्या वेचणीत जाऊन उभी राहते.

वेचण्या मी पुष्कळ पाहिल्या. दिवाळीच्या आसपासची पहिली वेचणी, बायका वावरात पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, दहीभाताचा नैवेद्य दाखवायच्या, त्याला आम्ही सीतादही म्हणायचो. मग थंडी पडली की दुसरी, तिसरी वेचणी. पण आठवण म्हणून जी येते ती एकाच वर्षाची. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताबरोबर होता, हुकूम नागपूरहून यायचे. वडनेरच्या आम्हां पोरींना नागपूर कुठल्या दिशेला आहे हेही ठाऊक नव्हतं. आमचं जग म्हणजे उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ, दक्षिणेला घाट, आणि मध्ये ही काळी, भेगाळणारी जमीन. घाटाखाली आम्ही, घाटावर दुसरे लोक. त्यांची बोली वेगळी, ज्वारीची चवसुद्धा वेगळी असं आमची माय म्हणायची.

आमच्या बाई घाटावरच्या होत्या. धाडच्या. नाव अनसूयाबाई. नवऱ्यानं दुसरी केली, तेव्हा त्या मुकाट्यानं भावाकडे परत आल्या, शिकल्या, अमरावतीला जाऊन मास्तरीण व्हायची परीक्षा दिली, आणि कुणाच्या तरी ओळखीनं आमच्या गावात पोरींचा वर्ग चालवायला आल्या. मारुतीच्या देवळामागं एक खोली होती, तीत शाळा भरायची. 'का' विचारायचं तर आम्ही 'काऊन' म्हणायचो, बाई 'कामून' म्हणायच्या. "द्वारके, काल कामून आली नाहीस?" असं त्यांनी विचारलं की मी उत्तर द्यायच्या आधी सगळ्या पोरी पदरात तोंड घालून हसायच्या. बाईही हसायच्या. रागवायचं असलं की मात्र त्या पुस्तकासारखं शुद्ध बोलायच्या, आणि ते ऐकलं की आमची बोबडी वळायची.

शाळेला सरकारी आधार नव्हता. ज्या घरची पोरगी शिकते त्या घरानं बाईंना ज्वारी द्यायची, असं ठरलं होतं. पहिल्या वर्षी ज्वारी आली. दुसऱ्या वर्षी पीक बेताचं झालं, आणि पायली घेऊन येणारी माणसं कमी होत गेली. कुणी नाही म्हटलं नाही, नुसतं आणून देणं राहून गेलं. दसऱ्याला बाईंचा भाऊ धाडहून आला. देवळाच्या ओट्यावर बसून तो म्हणाला, "संक्रांत झाली की चल घरी. लोकांच्या जोंधळ्यावर किती दिवस राहायचं?" घरी चल म्हणजे काय, हे आम्हां पोरींनाही कळत होतं. भावजयीच्या चुलीपुढं बसायचं, आणि पुन्हा कधी कुणाला काही शिकवायचं नाही.

अशात कुणीतरी बाईंना नांदुऱ्याच्या धर्मादायाचं सांगितलं.

आता हे सगळ्यांना माहीत असेलच असं नाही, म्हणून सांगते. नांदुऱ्याच्या कापूस बाजारात गाडी विकली की ठरलेल्या भावातून धर्मादायाच्या नावानं चिमूटभर पैसा बाजूला काढत. लोक त्याला धर्मादा म्हणत. एका गाडीचं म्हटलं तर पान खाण्याइतकंही नाही. पण हंगामात त्या बाजारात गाड्यांची रांग स्टेशनच्या रस्त्यापर्यंत लागायची. त्या चिमटी चिमटीनं जे साचे ते गावातल्या आणि आसपासच्या कामांना दिलं जाई. गोरक्षणाला, स्टेशनवरच्या पाणपोईला, वाचनालयाला. कुणाला काय द्यायचं ते पंच ठरवत. त्यांत काही व्यापारी होते, एक-दोन मोठे कास्तकार, एक वकील. त्यांचे मुख्य गिरधरशेठ. धोतर, काळा कोट, पांढऱ्या मिशा, आणि बोलताना हिंदी-मराठीची सरमिसळ. बाई त्यांच्या पेढीवर जाऊन भेटून आल्या. शेठ म्हणाले, "हम देखने आयेंगे. शाळा डोळ्यांनी पाहू, मग ठरवू."

ते कधी येणार, हे कुणी विचारलं नाही. आणि ते आले ऐन वेचणीत.

वेचणीत पोरी शाळेत नसतात. ही गोष्ट वावरात जन्मलेल्याला इतकी साधी वाटते की ती कुणाला सांगावी असं सुचतही नाही. बोंडं फुटली की वेचावीच लागतात. वाऱ्यानं कापूस मातीत पडतो, अवकाळी आलं तर काळा पडतो. बायका आणि पोरी हेच वेचणारे हात. माझी माय, मी, शेजारच्या साऱ्या, आम्ही पोटाशी लुगड्याची ओटी बांधून यमुनाबाई पाटलिणीच्या वावरात होतो. आमचं स्वतःचं वावर लहान होतं, ते आधीच वेचून झालं होतं, म्हणून मजुरीला गेलो होतो.

पुढं काय झालं ते बाईंनी मला मोठेपणी सविस्तर सांगितलं. पंचांची दमणी, म्हणजे बैलांची छोटी सवारी गाडी, देवळापाशी थांबली. गिरधरशेठ, वकील आणि आणखी एक पंच असे तिघे उतरले. खोलीत बाई होत्या, आणि नाक गळत असलेल्या दोन चिमुरड्या, ज्यांना वावरात नेऊन उपयोग नव्हता. वकिलांनी विचारलं, आज सुट्टी आहे का. हो म्हणून सांगता आलं असतं. बाई म्हणाल्या, "नाही. पोरी कापूस वेचायला गेल्यात."

"उद्या येतील?"

"उद्याही नाही. वेचणी संपेपर्यंत नाही."

गिरधरशेठ खोलीच्या दारातच उभे होते. जोडे काढायची वेळ आली नाही. "बाई," ते म्हणाले, "तुमचं काम चांगलं आहे, मी नाही म्हणत नाही. लेकिन जिथं पोरीच नाहीत तिथं पंचांनी द्यायचं कुणाला?" त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, असं बाई आवर्जून सांगायच्या. दमणी परत फिरली. त्या सालचा धर्मादाय नांदुऱ्याच्या वाचनालयाला त्याचं छप्पर नवं करायला द्यायचा, असं दोन दिवसांनी ऐकायला आलं.

दमणी परत गेली त्याच दिवशी दिवेलागणीला बाई आमच्या घरी आल्या. माय चुलीवर भाकरी टाकत होती. बाई उंबऱ्याजवळ बसल्या आणि झालेलं थोडक्यात सांगितलं. मायनं भाकर उलटली, मग म्हणाली, "माही पोरगी हुशार हाय थे मले दिसते बाई. पन कापूस काय थांबून राह्यते का? हिनं दोन ओट्या वेचल्या तं आमचं मीठ-मिरची येते. मी तिले शाळेत बसोतो म्हनली तं तुमीच सांगा, चूल कशी पेटन?"

"मी तिला बसवा म्हणत नाही," बाई म्हणाल्या.

"मंग?"

"मीच वावरात येते."

मायला वाटलं बाई मजुरीला यायचं म्हणताहेत. तिच्या चेहऱ्यावर असं वाईट वाटल्याचं मी क्वचितच पाहिलं. बाईंनी ते ओळखलं आणि त्या दिवसातलं पहिलं हसू हसल्या. "वेचायला नव्हे हो. शिकवायला."

यमुनाबाई पाटलीण उंच होत्या, सावळ्या, पायात पुरुषी वहाणा घालायच्या. पाटील पाठीच्या दुखण्यानं खाटेला खिळलेले, म्हणून सारी शेती त्याच पाहायच्या. आवाज असा की धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून बोललं तरी विहिरीपलीकडचा गडी वळून बघायचा. आमच्याकडं बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात, पण पाटलिणीच्या तोंडी ते अगदी शोभायचं. दुसऱ्या दिवशी बाई धुऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या तेव्हा आम्ही सगळ्यांनी हात चालू ठेवून कान तिकडं लावले.

"खोलीत पोरी नव्हत्या म्हणून पंच परत गेले," बाई म्हणाल्या. "मला पोरी द्या."

"आन् कापूस कोन वेचीन?"

"पोरीच वेचतील. भाकर खाऊन तुम्ही सगळ्या टेकता, तेवढाच वेळ द्या."

पाटलिणीनं आधी बाईंकडे पाहिलं, मग आमच्या ओळीकडे. मग वर, विहिरीजवळच्या लिंबाकडे. "या लिंबाची सावली थारोळ्यापातूर जाईस्तोवर," ती म्हणाली. "मंग उठाचं. एक बी पोरगी लोळतांना दिसली तं शाळा बंद." थारोळं म्हणजे मोटेचं पाणी पडतं ती दगडी जागा. त्या दिवसापासून ते आमच्या शाळेचं घड्याळ झालं.

हे मी लिहिते आहे आणि माझ्या बोटांना ते टोचणं पुन्हा जाणवतं आहे. पऱ्हाटीचं बोंड फुटलं की त्याच्या पाकळ्या वाळून सुईसारख्या होतात. दिवसभर वेचलं की नखांच्या कडा सोलतात. पाटीवर पेन्सिल धरवत नसे. म्हणून बाईंनी पाट्या आणल्याच नाहीत. त्यांनी लिंबाखालची काळी माती हातानं सारखी केली, वर थोडं पाणी शिंपडलं, आणि म्हणाल्या, बोटानं लिहा. ती माती थंड असायची, मऊ, सोललेल्या बोटांना बरी वाटणारी. मी 'ज' काढायची आणि त्याच्या पोटात बोट तसंच ठेवून बसायची. तुरीच्या फुलांचा वास यायचा. पलीकडच्या ज्वारीवर राघूंचे थवे उतरायचे आणि राखणदाराच्या गोफणीच्या आवाजासरशी उठायचे. भाकरीबरोबर खाल्लेल्या ठेच्यानं ओठ अजून झणझणत असायचे, आणि आम्ही मोठ्यानं वाचायचो. खोलीत वाचलं तर आवाज भिंतीवर आपटून परत यायचा. वावरात तो निघून जायचा, आणि कुठवर गेला असेल असं मला वाटत राहायचं.

पाटलीण आमच्याकडे पाठ करून बसायची. पोरी लोळतात का हे बघायला बसते, असं सांगून. तिच्यापुढं कापसाचा ढीग असायचा, त्यातला पाला-कचरा ती निवडायची. एक दिवस बाईंनी एक अक्षर म्हटलं, आम्ही म्हटलं, आणि आमच्या नंतर एक जाड, दबका आवाज तेच अक्षर म्हणाला. आम्ही एकमेकींकडे बघितलं. पाटलिणीची पाठ हलली नाही. पोरी हसणार तेवढ्यात बाईंनी नुसते डोळे वटारले. त्यानंतर बाई प्रत्येक अक्षर जरा सावकाश म्हणायला लागल्या, आणि आमच्या मागून एक थांबा ठेवायला लागल्या. पाटलीण पुढं फार शिकली नाही. 'क'च्या बाराखडीशी तिचं जे भांडण झालं ते कधी मिटलं नाही. पण सावली थारोळ्यावरून पुढं गेली तरी तिला ती दिसेनाशी झाली, हे मात्र खरं.

शाळा भरत होती, पण पंचांना कोण सांगणार? बाई पुन्हा जायला धजत नव्हत्या. एकदा परत गेलेल्या माणसाला बोलवायला जाणं त्यांना लाजिरवाणं वाटत होतं. शेवटी पाटलीणच म्हणाली, "माही गाडी जाऊन राह्यली बुधवारी. मी सांगतो शेठले." आणि मायला म्हणाली, "तू बी चाल. पोरीले घे."

कापसाच्या गाडीवर बसून नांदुऱ्याला जाणं म्हणजे काय सुख असतं हे ट्रॅक्टरवाल्या पोरांना कसं सांगावं. खाली कापूस दबतो, वर आपण तरंगतो, बैलांच्या घुंगरांची लय अंगात उतरते. बाजाराच्या दाराशी मात्र सारं बदललं. गाड्या, माणसं, रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवणारे व्यापारी, सरकी काढणाऱ्या जीनच्या भोंग्याचा आवाज. मी मायचा पदर सोडला नाही.

गिरधरशेठच्या पेढीवर पांढरी गादी होती. पाटलीण गादीवर बसली नाही. उभ्यानंच बोलली. "शेठ, तुमी वडनेरले आलते. खोली रिकामी पाहून गेले."

"हो पाटलीणबाई. काय करणार?"

"खोली रिकामी होती. पोरी रिकाम्या नोत्या. त्या वेचत होत्या, थोच कापूस आज तुमच्या दारात आनला मी. आता शाळा वावरात भरते. माह्या लिंबाखाली. पाहाले या."

शेठनी मिशीवरून हात फिरवला. त्यांना ते पटलेलं दिसत होतं, आणि म्हणूनच ते अवघडले होते. "तुमची बात खरी आहे. आम्ही विचारायला पाहिजे होतं, पोरी कुठं आहेत म्हणून. पण आता पंचांनी वाचनालयाला शब्द दिला. दिलेला शब्द मी एकटा कसा परत घेऊ? पुढच्या साली पहिलं नाव तुमचं."

"पुढच्या सालापातूर बाई राह्यल्या तं," पाटलीण म्हणाली. आणि पायऱ्यांकडे वळली.

पेढीच्या खांबाला टेकून एक सडपातळ गृहस्थ उभे होते. टोपी, बंद गळ्याचा कोट, काखेत वर्तमानपत्राची घडी. आम्ही पायऱ्या उतरत होतो तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "कुठलं वावर म्हणालात?"

"वडनेरचं. रस्त्यावरून दिसते," पाटलीण वळूनही न बघता म्हणाली.

परतताना गाडी रिकामी होती आणि फार आदळत होती. मायनं मला फुटाणे घेऊन दिले होते. मी ते एकेक करून खाल्ले, पण त्यांची चव मला आठवत नाही.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारी, तेच गृहस्थ सायकल हातानं ढकलत काळ्या मातीच्या भेगांतून आमच्याकडे येताना दिसले. घामाघूम झालेले. बाईंना वाटलं पंचांकडून कुणी आलं. त्या उठून उभ्या राहिल्या, पदर सारखा केला. पण ते म्हणाले, "मी वामनराव. नांदुऱ्याच्या वाचनालयाचं काम बघतो."

म्हणजे ज्यांचं छप्पर होणार होतं ते. बाई म्हणाल्या, "मग तुम्ही इथं कामून?"

पोरी हसल्याच. वामनरावांना ते हसू कशाचं ते कळलं नाही, पण तेही हसले. "पाटलीणबाई म्हणाल्या होत्या रस्त्यावरून दिसतं. मला काही दिसलं नाही, आवाज तेवढा ऐकू आला. म्हणून आत आलो."

ते धुऱ्यावर बसले. मायनं त्यांना भाकर आणि झुणका दिला, तो त्यांनी हातावर घेऊन खाल्ला. आम्ही वाचत होतो, ते ऐकत होते. त्यांनी काही परीक्षा घेतली नाही, प्रश्न विचारले नाहीत. जाताना काखेतलं वर्तमानपत्र काढून माझ्यापुढं धरलं. "हे वाचशील?" मी कधी वर्तमानपत्र हातात धरलं नव्हतं. अक्षरं मुंग्यांसारखी बारीक. मोठ्या अक्षरांची ओळ मी बोट ठेवून वाचायला लागले. एका जोडाक्षराशी अडले. त्यांनी सांगितलं नाही. बाईंनीही नाही. सगळं वावर माझ्यासाठी थांबल्यासारखं झालं, आणि मग ते अक्षर माझ्या तोंडातून आपसूक निघालं. वामनराव "हं" म्हणाले. वर्तमानपत्र आमच्याकडंच ठेवून, सायकल ढकलत परत गेले.

पंचांच्या बैठकीत काय झालं ते पुढं गिरधरशेठनीच पाटलिणीला सांगितलं. वामनराव उभे राहिले आणि म्हणाले, वाचनालयाला दिलेलं या साली वडनेरच्या पोरींच्या शाळेला द्या. वकील म्हणाले, एकदा ठराव झाला, आता बदलता येत नाही. तेव्हा शेठ म्हणाले, ज्याला शब्द दिला तोच आपणहोऊन परत करतो आहे, मग अडलं कुठं? आणि नुसतं या सालचं नव्हे, पुढं दरसाल बाईंचा पगार धर्मादायातून, असं त्याच बैठकीत ठरलं.

शेठ ते सांगायला स्वतः आले. दमणी रस्त्यावर सोडून, जोडे हातात घेऊन, मातीतून चालत. पाटलिणीला म्हणाले, "या खेपेला खोलीकडे गेलोच नाही." बाईंनी ऐकलं आणि त्या धुऱ्यावर बसल्या. लुगड्याला चिकटलेली कुसळं काढत राहिल्या, एक, मग दुसरं. आम्हाला वाटलं त्या रडतील. त्या म्हणाल्या, "थांबलात कामून? वाचा." संक्रांतीला भाऊ गाडी घेऊन आला. त्यानं तिळगूळ खाल्ला, बहिणीशी बराच वेळ बोलत बसला, आणि एकटाच परत गेला. जाताना तो रागावलेला नव्हता. मला वाटतं, त्यालाही मनातून बरं वाटलं असावं.

बाई आमच्या गावात म्हाताऱ्या झाल्या. माझं लग्न झालं, तरी मी शिकले, मास्तरीण झाले, आणि नांदुऱ्याच्या मुलींच्या शाळेत लागले. लागल्या लागल्या पहिलं काय केलं, तर वाचनालयाची सभासद झाले. तिथं बायका फारशा येत नसत. वामनराव तेव्हा हयात नव्हते. एका पावसाळी दुपारी मी मासिकांचा एक जुना गठ्ठा काढला, तर त्याच्या पानांवर पाण्याचे तपकिरी डाग, नकाशातल्या नद्यांसारखे पसरलेले. शेजारी बसलेले एक म्हातारे सभासद म्हणाले, "ते एका वर्षीचं आहे. छप्पर व्हायचं होतं, झालं नाही. साऱ्या पावसाळ्यात आम्ही वर्तमानपत्रं या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात हलवत होतो. वामनरावांवर लोक फार चिडले. काहींनी वर्गणी बंद केली. का दिलंत म्हणून विचारलं तर म्हणायचे, आपल्याकडे वाचणारे आहेत, तिकडे वाचणारे तयार होताहेत, थोडे दिवस ओलं वाचू."

मी कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. मी त्या डागांवर हात ठेवून बसले.

आभार कुणाचे मानायचे, हा प्रश्न मला त्या दिवसापासून आहे. बाईंचे मानले, रोज मानते. पाटलिणीचे, मायचे, वामनरावांचे. शेठचेही, कारण चुकल्यावर मातीतून चालत येणारी माणसं मी पुढच्या आयुष्यात फार पाहिली नाहीत. पण या सगळ्यांच्या मागं आणखी माणसं होती. ज्यांच्या गाडीतून ती चिमूट निघाली ते. मोताळ्याकडचे, मलकापूरकडचे, पूर्णेच्या काठचे. त्यांनी मला कधी पाहिलं नाही, मी त्यांना पाहिलं नाही. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं. त्यांच्यातला एकच मला भेटला, आणि तो त्याच हंगामात.

होळी जवळ आली होती. झाडांवर राहिलेला शेवटचा कापूस, आम्ही त्याला फरदड म्हणतो, तो घेऊन माझे वडील बाजारात गेले, आणि मी हट्टानं बरोबर. आमच्या गाडीपुढं एका म्हाताऱ्याची गाडी होती. खांद्यावर घोंगडी, चेहरा उन्हानं करपलेला. त्याचा कापूस मोजून झाला, भाव ठरला, आणि अडत्याच्या मुनिमानं कपातीची नावं मोठ्यानं घेतली. धर्मादा म्हटल्यावर म्हातारा कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाला, "दरसाली कापतेत. कुठी जाते कोन जाने."

"मले शिकवाले जाते," मी म्हणाले.

वडिलांनी माझा हात ओढला. म्हातारा वळला. त्यानं मला पायापासून वर पाहिलं.

"तुले?"

"हाव. आमच्या बाईचा पगार धर्मादायातून हाय."

त्यानं घोंगडी खांद्यावर सारखी केली. त्याचे बैल मान हलवत होते. मग म्हणाला, "काय शिकली मंग?"

"वाचाले."

"वाच."

मी आजूबाजूला पाहिलं. बाजाराच्या भिंतीवर चुन्यानं ओळ रंगवलेली होती, गाड्या रांगेत उभ्या कराव्यात. मी ती वाचली. 'कराव्यात'पाशी अडखळले, पुन्हा सुरुवात केली, आणि पूर्ण केली. म्हातारा मान खाली घालून ऐकत होता, देवळात कीर्तन ऐकतात तसा. ती ओळ त्यानं जन्मभर पाहिली असेल. तिच्यात काय आहे हे कळल्यावर त्यानं आपल्या गाडीकडे पाहिलं, रांगेतून बाहेर आलेलं चाक त्याला दिसलं, आणि तो पहिल्यांदा हसला.

"असं लिवलं व्हय," तो म्हणाला. मग बैलांचे कासरे हातात घेतले, मुनिमाकडे वळला, आणि म्हणाला, "मंग कापू दे."

आणि गाडी हाकून निघून गेला. त्याचं नाव विचारायचं मला सुचलं नाही.